कम्युनिटी कॉलेजचे प्रवेशद्वार : कोणास कोणती अट

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत माध्यमिक शाळेनंतरचे दोन वर्षांपर्यंतचे शिक्षण देणाऱ्या सार्वजनिक संस्थांना 'कम्युनिटी कॉलेज' असे नाव आहे. विद्यापीठीय पदवीच्या पहिल्या दोन वर्षांचे विषय तेथे शिकविले जातात. त्याच आवारात मोटारदुरुस्ती, वेल्डिंग, हिशेबलेखन, परिचारिकेचे काम, बालसंगोपन असे व्यवसायही शिकविले जातात; आणि दिवसाचे काम आटोपून आलेली प्रौढ माणसे संध्याकाळी इंग्रजीच्या वर्गास बसतात. ज्यांना पुढे शिकावयाचे असते ते दोन वर्षांनंतर विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात प्रवेश घेतात. बाकीचे प्रमाणपत्र घेऊन कामधंद्यास लागतात. महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या वर्गांना 'ज्युनियर कॉलेज' म्हणतात, त्याच्याशी ह्या संस्थेची गल्लत होऊ देऊ नये; अमेरिकेतही प्रारंभी ह्या संस्थांना ज्युनियर कॉलेजच म्हणत असत, म्हणून ही सूचना.

ह्या प्रकारचे जे पहिले सार्वजनिक कॉलेज आजही चालू आहे, ते इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली निघाले. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कुलाचे प्रमुख जे. स्टॅन्ले ब्राउन ह्या दोघांच्या विचारातून ते उभे राहिले. पहिल्या वर्षी विद्यार्थी होते अवघे सहा. हायस्कुलाच्याच छायेत, हायस्कुलाच्याच प्रमुखाच्या पुढाकाराने एक नवी शिक्षणसंस्था जन्मास यावी, ही गोष्ट शाळामास्तरांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे १९०७ साली कॅलिफोर्निया राज्याने हायस्कुलांना असे पुढील वर्ग उघडण्याची कायद्याने मुभा दिली आणि १९१० साली फ्रेस्नो येथे असे वर्ग सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रूमन ह्यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाने १९४७ साली आपला अहवाल दिला. सामान्य माणसाला घरापासून जवळ व परवडेल अशा दरात उच्च शिक्षण मिळावे, ह्या विचाराला त्या अहवालाने बळ दिले आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नावही तेव्हापासून रूढ होत गेले.

आता प्राथमिक शिक्षकाने ह्या दूरदेशीच्या प्रवेशनियमांचा अभ्यास कशासाठी करावा, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होईल. त्याचे उत्तर असे की, दारात उभ्या राहिलेल्या माणसाकडे कोणता कागद मागावा, कोणता मागू नये, आणि कागद नसल्यास त्यास परत पाठवावे की आत घ्यावे, हा प्रश्न जसा त्या कॉलेजच्या प्रवेशकचेरीपुढे आहे तसाच तो जूनमध्ये दर गावच्या मुख्याध्यापकापुढेही असतो. तिकडे ह्या प्रश्नावर शंभरावर वर्षे विचार झाला आहे, कायदे झाले आहेत, चुकाही झाल्या आहेत. कॅलिफोर्निया राज्याचे उदाहरण घेतल्यास हा विचार नीट समजतो, कारण त्या एका राज्यात अशी ११६ सार्वजनिक कॉलेजे आहेत आणि त्यांच्या प्रवेशाची तत्त्वे कायद्यात स्पष्टपणे लिहिलेली आहेत.

एका योजनेतील तीन दारे

१९६० साली कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाची एक बृहत् योजना स्वीकारली. तीत तीन प्रकारच्या संस्थांची कामे वाटून देण्यात आली. राज्यातील हायस्कूल उत्तीर्ण विद्यार्थ्यांपैकी गुणानुक्रमे वरच्या एक-अष्टमांश मुलांतून कॅलिफोर्निया विद्यापीठाने निवड करावी. वरच्या एक-तृतीयांश मुलांतून राज्य कॉलेजांनी निवड करावी. आणि ज्युनियर कॉलेजांनी, म्हणजे आजच्या कम्युनिटी कॉलेजांनी, शिक्षणाचा लाभ घेण्यास समर्थ असेल अशा कोणासही घ्यावे, असे ठरले.

वरवर पाहता ही तिसरी संस्था म्हणजे उरलेल्यांची सोय वाटेल. परंतु योजनेचे खरे मर्म पुढेच आहे. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे चांगला अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यास वरच्या दोन्ही संस्थांच्या तिसऱ्या वर्षात शिरण्याची वाट योजनेने मोकळी ठेवली. म्हणजे सतराव्या-अठराव्या वर्षी जो मागे पडला तो कायमचा मागे पडू नये, अशी तजवीज केली. ही वाट प्रत्यक्षात पुष्कळ वेळा अरुंद निघाली आणि ती रुंद करण्यासाठी २०१० साली वेगळा कायदा करावा लागला. त्या कायद्याने ठराविक स्वरूपाची दोन वर्षांची पदवी घेतलेल्या विद्यार्थ्यास राज्य विद्यापीठात जागा मिळण्याची हमी दिली.

'लाभ घेण्यास समर्थ' ह्या शब्दांवर थोडे थांबले पाहिजे. येथे 'पात्र' हा शब्द नाही. पात्रता मागील गुणांवरून ठरते. सामर्थ्य पुढे काय होईल ह्यावरून. कॉलेजास मागील कामगिरीचा न्यायनिवाडा करावयास सांगितलेला नाही. येणारा मनुष्य शिकू शकेल काय, एवढेच पाहावयास सांगितले आहे. आणि बहुतेक सर्व माणसे काही ना काही शिकू शकतात, असे गृहीत धरल्यामुळे दार प्रत्यक्षात सर्वांनाच उघडे राहिले.

परंतु दार उघडे आहे ह्याचा अर्थ तेथे काहीच विचारीत नाहीत असा नव्हे. पुष्कळ विचारतात. मात्र जे विचारतात ते तीन निरनिराळ्या प्रश्नांच्या उत्तरांसाठी. ह्या मनुष्यास प्रवेश द्यावयाचा काय, हा पहिला प्रश्न. त्याच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा दुसरा. आणि त्यास कोणत्या वर्गात बसवावयाचे, हा तिसरा. एका प्रश्नासाठी लागणारा कागद दुसऱ्या प्रश्नाच्या ठिकाणी मागितला, की उघडे दार बंद होते. निरनिराळ्या अर्जदारांच्या अटी पाहताना हा भेद सतत डोळ्यांपुढे ठेवावा.

शाळा पूर्ण केलेले व शाळा सोडून गेलेले

राज्याचा रहिवासी असून हायस्कूल उत्तीर्ण झालेला, किंवा तत्सम परीक्षा दिलेला, जो कोणी असेल त्यास कॉलेजने प्रवेश दिलाच पाहिजे, अशी कायद्याची भाषा आहे. टक्केवारी नाही, प्रवेशपरीक्षा नाही, मुलाखत नाही. अर्जासाठी शुल्कही नाही. ह्या वर्गाविषयी अधिक सांगण्यासारखे काही उरत नाही.

हायस्कूल पूर्ण न केलेल्या माणसाची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. वय अठरा वर्षांहून अधिक असेल आणि शिक्षणाचा लाभ घेण्यास तो समर्थ आहे असे जिल्ह्याच्या नियामक मंडळास वाटले, तर त्यास घेता येते. पहिल्या वर्गाच्या बाबतीत कायदा 'दिलाच पाहिजे' म्हणतो. येथे 'देता येईल' म्हणतो. तरीही कॉलेजे सामान्यतः अशा अर्जदारास अडवीत नाहीत. समजा, एक बाई वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सोडून शिवणकामाच्या कारखान्यात लागली आणि चाळिसाव्या वर्षी बालसंगोपनाचा अभ्यासक्रम करावा असे तिच्या मनाने घेतले. तिच्याजवळ शाळेचा एकही कागद नाही. तिला कॉलेजात नाव घालता येते. शाळेतील मागील इयत्तांचा हिशेब तिच्याकडे कोणी मागत नाही.

तिची अडचण दुसऱ्या प्रश्नापाशी, पैशाच्या प्रश्नापाशी येते. केंद्र सरकारचे विद्यार्थी-साहाय्य मिळण्यासाठी हायस्कूलचे प्रमाणपत्र किंवा त्याची तुल्य परीक्षा आवश्यक असते. ज्यांच्याजवळ ती नाही अशांसाठी पूर्वी पर्याय होता : मान्य चाचणी उत्तीर्ण व्हावे, किंवा कॉलेजचे सहा श्रेयांकांचे काम यशस्वीपणे करून दाखवावे, म्हणजे साहाय्य मिळे. २०१२ साली नव्या विद्यार्थ्यांसाठी हा पर्याय काढून घेण्यात आला आणि पुढे दोन-तीन वर्षांत व्यवसायशिक्षणाच्या विशिष्ट अभ्यासक्रमांपुरताच तो परत आला. मधल्या काळात अशा माणसांना दार उघडे होते, पण आत गेल्यावर पुस्तके आणि गाडीभाडे ह्यांची सोय नव्हती. प्रवेश नाकारला असे कोणी म्हणू शकत नव्हते, आणि तरीही पुष्कळांच्या दृष्टीने परिणाम तोच होता. शाळेत नाव घातले पण गणवेश व वह्या नाहीत म्हणून मूल घरी राहिले, अशी उदाहरणे ज्या शिक्षकांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको.

तुल्य परीक्षेचा येथे उल्लेख आला. तिच्यातील सर्वांत प्रसिद्ध परीक्षा १९४२ साली सैनिकांसाठी तयार करण्यात आली. शाळा अर्धवट टाकून युद्धावर गेलेल्या तरुणांना परत येऊन लहान मुलांच्या बाकावर बसावे लागू नये, हा तिचा हेतू होता. पुढे ती सर्वच प्रौढांना खुली झाली.

शाळेत शिकत असलेली मुले

आश्चर्याची गोष्ट अशी की, प्रौढ अशिक्षितास सहज आत घेणारा हा कायदा शाळेतील हुशार मुलाच्या बाबतीत मात्र फार सावध आहे. हायस्कुलात शिकत असतानाच एखाद्या मुलास कॉलेजातील गणिताचा किंवा यंत्रविद्येचा विषय घ्यावयाचा असेल तर त्यास 'विशेष अंशकालीन विद्यार्थी' म्हणून घेता येते. त्यासाठी मुख्याध्यापकाची शिफारस लागते व पालकांची संमती लागते. एका सत्रात सामान्यतः अकरा युनिटांहून अधिक विषय त्यास घेता येत नाहीत. युनिट म्हणजे स्थूलमानाने सत्रभर दर आठवड्यास एक तासाचे अध्यापन. पूर्ण वेळ शिकणारा विद्यार्थी सत्रात किमान बारा युनिटे घेतो. म्हणजे मूल कॉलेजचा पूर्ण वेळचा विद्यार्थी होऊ नये, एवढी मर्यादा बरोबर आखलेली आहे. जागा वाटतानाही प्रौढ विद्यार्थ्यांची नोंदणी आधी होते आणि ह्या मुलांची मागाहून.

ह्या सावधपणाचे कारण उघड आहे. मुलाची स्वतःची शाळा आहे, तिचा अभ्यास आहे, तेथे त्याचे सवंगडी आहेत. कॉलेजने त्यास ओढून नेले आणि शाळेचा पाया कच्चा राहिला तर नुकसान मुलाचेच. म्हणून त्याला रोज पाहणाऱ्या शाळेच्या प्रमुखाचे मत कायद्याने आवश्यक मानले. मात्र ही शिफारसीची अट दुधारी आहे. ज्या शाळेचा प्रमुख उत्साही तेथली मुले कॉलेजात जातात. ज्या शाळेत कोणी विचारच करीत नाही तेथली तितकीच हुशार मुले मागे राहतात. बहुधा ती गरीब वस्तीतील असतात. हा दोष घालविण्यासाठी २०१५ साली कॅलिफोर्नियाने नवा कायदा केला. त्यानुसार कॉलेज-जिल्हा व शाळा-जिल्हा परस्परांशी करार करून हायस्कुलातच कॉलेजचे वर्ग भरवू शकतात, आणि ज्यांच्या मनात कॉलेजास जाण्याचा विचार नाही किंवा ज्यांच्या घराण्यातून पूर्वी कोणी गेलेले नाही अशा मुलांकडे मुद्दाम लक्ष द्यावे, असा त्या कायद्याचा रोख आहे. स्कॉलरशिप किंवा नवोदय विद्यालयाच्या परीक्षेस कोणाला बसवावयाचे हे ज्या गावात एकट्या शिक्षकाच्या शब्दावर ठरते, तेथेही ही दुधारी बाजू दिसून येते.

रहिवासी कोण

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात १९८४ पर्यंत रहिवाशांकडून प्रवेशशुल्क मुळीच घेत नसत. त्या वर्षी प्रथम युनिटास पाच डॉलर शुल्क बसले. २०१२च्या उन्हाळ्यापासून ते युनिटास ४६ डॉलर आहे. दोन वर्षांच्या पदवीस साठ युनिटे लागतात, म्हणजे रहिवाशास सगळ्या पदवीचे शुल्क २,७६० डॉलर पडते. आणि उत्पन्न कमी असलेल्यास तेही माफ होते. ही माफी शुल्काबरोबरच जन्मास आली, हे विशेष. बाहेरून आलेल्यास मात्र ह्या शुल्काखेरीज दर युनिटामागे आणखी काही शे डॉलर द्यावे लागतात. हा दर प्रत्येक जिल्हा ठरवितो.

साहजिकच रहिवासी कोणास म्हणावे ह्यावर सारे अवलंबून राहते. सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवशी राज्यात राहून एक वर्ष व एक दिवस झालेला असावा, आणि येथेच कायम राहण्याचा विचार असावा, असा नियम आहे. राहण्याचा पुरावा घरभाड्याच्या पावतीवरून देता येईल. विचाराचा पुरावा काय देणार? म्हणून कर कोठे भरला, मतदार म्हणून नाव कोठे नोंदले, गाडी चालविण्याचा परवाना कोठला, अशा गोष्टी पाहतात.

ह्या नियमाने काही मुलांवर विलक्षण अन्याय होत असे. लहानपणी आईबापांबरोबर आलेले, कॅलिफोर्नियातच प्राथमिक व माध्यमिक शाळा शिकलेले मूल आईबापांच्या वास्तव्याचे सरकारी कागद नाहीत म्हणून कॉलेजच्या दारात परकीय ठरे आणि त्यास दसपट शुल्क सांगितले जाई. २००१ साली राज्याने ह्यावर कायदा केला. राज्यातील हायस्कुलात तीन वर्षे हजेरी आणि तेथूनच उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र असले, की परप्रांतीयाचे जादा शुल्क माफ. ही अट मुलाच्या आईबापांकडे पाहत नाही, शाळेच्या हजेरीपटाकडे पाहते. २०१७ साली हा नियम अधिक व्यापक करून प्राथमिक शाळेतील व प्रौढशाळेतील वर्षेही काही प्रमाणात जमेस धरण्यात आली. हजेरीपटावर रोज केलेली खूण दहा वर्षांनी एखाद्या मुलाचे शिक्षण तारून नेते, हे ऐकून ज्या शिक्षकांना हजेरीपट म्हणजे केवळ तपासणी अधिकाऱ्यासाठी भरावयाचा कागद वाटतो, त्यांना थोडे नवल वाटेल.

निवृत्त सैनिकांसाठी निराळी सोय आहे. २०१४च्या केंद्रीय कायद्यानंतर सेवामुक्त झालेले व सरकारी शिक्षणसाहाय्य घेणारे सैनिक कोणत्याही राज्यात राहावयास गेले तरी तेथील सार्वजनिक कॉलेजात त्यांच्याकडून रहिवाशाहून अधिक शुल्क घेत नाहीत. सैनिकांना, तसेच सरकारी देखरेखीखाली परक्या घरी वाढलेल्या निराधार मुलांना, विषयांची निवडही आधी करू देतात.

जेथे दार अरुंद आहे

कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणजे त्यातील प्रत्येक अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला असे नाही. परिचारिकेचा अभ्यासक्रम हे त्याचे ठळक उदाहरण होय. रोग्याजवळ शिकावयाचे असल्याने रुग्णालयातील जागांवर आणि शिकविणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा पडते, आणि अर्ज जागांपेक्षा पुष्कळ अधिक येतात. शरीररचना, शरीरक्रिया व सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय आधी उत्तीर्ण व्हावे लागतात. आरोग्यतपासणी व लसीकरणाचे दाखले लागतात. एवढे करूनही उमेदवार अधिक राहिले तर काही कॉलेजे चिठ्ठ्या टाकतात, काही प्रतीक्षायादी ठेवतात, काही गुण, अनुभव, भाषांचे ज्ञान आणि कठीण परिस्थितीतून आलेला मार्ग अशा अनेक गोष्टी मोजून क्रम लावतात. चिठ्ठ्या टाकणे हे आळसाचे लक्षण असे कोणी म्हणेल. परंतु आवश्यक तेवढी तयारी सर्वांचीच झालेली असेल, तर त्यांच्यात आणखी बारीक गुणभेद करण्यापेक्षा चिठ्ठी अधिक निर्मळ, असाही एक पक्ष आहे, आणि तो सहज खोडून काढता येण्यासारखा नाही.

तिसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे कोणत्या वर्गात बसवावे ह्याचा, इतिहास बोधप्रद आहे. पूर्वी प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याची इंग्रजी व गणिताची एक चाचणी घेत आणि तीत जो कमी पडे त्यास खालच्या पूरक वर्गात घालीत. त्या वर्गांचे श्रेयांक पदवीस धरीत नसत. एकाखाली एक असे दोन-तीन पूरक वर्ग असत. हेतू चांगला होता, परंतु त्या पायऱ्या चढता चढता बहुतेकांनी शाळा सोडली. प्रत्येक पायरीवर काही गळत आणि शेवटी पदवीच्या वर्गापर्यंत थोडेच पोहोचत. २०१७च्या कायद्याने कॅलिफोर्नियाने ही पद्धत मुळातून बदलली. हायस्कुलातील वर्षभराचे गुण पाहावेत, एका दिवसाच्या चाचणीवर भिस्त ठेवू नये. आणि वरच्या वर्गात यशस्वी होण्याचा संभव अगदीच कमी आहे असे दाखविता येत नसेल, तर विद्यार्थ्यास खाली बसवू नये, असा नियम झाला. कच्च्या विद्यार्थ्यास वरच्याच वर्गात बसवून त्याच वेळी जादा मदत द्यावी, ही नवी रीत. तिच्याविषयी तिकडील शिक्षकांत आजही एकमत नाही. काही गणितशिक्षक म्हणतात की पाया नसलेल्यास वर चढविल्याने तो तेथे पडतो. तथापि एका चाचणीपेक्षा वर्षभराच्या कामाची नोंद अधिक विश्वसनीय, ह्या मुद्द्यावर फारसा वाद राहिलेला नाही.

उघड्या दाराचा दुरुपयोगही झाला आहे. २०२० नंतर पुष्कळ वर्ग ऑनलाइन झाले. अर्ज निःशुल्क आणि ओळखीचा पुरावा नाममात्र. तेव्हा केवळ विद्यार्थी-साहाय्याची रक्कम उचलण्यासाठी खोट्या नावांचे अर्ज मोठ्या संख्येने येऊ लागले. ह्या भुतावळीने वर्गातील जागा अडविल्या आणि खऱ्या विद्यार्थ्यास जागा भरल्या असे उत्तर मिळू लागले. कॉलेजांनी मग ओळख पटविण्याचे उपाय कडक केले. परंतु ज्यास घर नाही, ज्याचा परवाना हरवला आहे, असा खरा विद्यार्थी ह्याच उपायांत प्रथम अडकतो. ह्या दोहोंचा मेळ कसा घालावा, ह्याचा शोध अजून चालू आहे.

परदेशी विद्यार्थी, आणि महाराष्ट्रातील शाळेची नोंदवही

परदेशातून शिकण्यासाठी येणाऱ्यास सर्वांत अधिक कागद लागतात. शालान्त व बारावीच्या गुणपत्रिका, त्या इंग्रजीत नसल्यास प्रमाणित भाषांतर, इंग्रजीच्या ज्ञानाची मान्य परीक्षा, पासपोर्ट, आणि वर्षाचा सर्व खर्च सोसण्याइतके पैसे आहेत असे बँकेचे पत्र. हे पाहून कॉलेज एक विशिष्ट प्रवेशपत्र देते. ते मिळाल्यावर अमेरिकन सरकारकडे ३५० डॉलरचे नोंदणीशुल्क भरून वकिलातीत व्हिसासाठी मुलाखत द्यावी लागते. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यासाठी असे कार्यालय मुंबईस आहे. व्हिसा मिळाल्यानंतरही सत्रास किमान बारा युनिटे घ्यावीच लागतात. विद्यार्थी-व्हिसावर कितीही वर्षे राहिले तरी रहिवासी म्हणून शुल्कात सवलत मिळत नाही, आणि केंद्र सरकारचे साहाय्यही नाही. तेव्हा 'कम्युनिटी कॉलेज स्वस्त असते' एवढे ऐकून कोणी पालक कर्ज काढण्याच्या विचारात असल्यास, हा दर रहिवाशांचा आहे, असे त्यास गावातील शिक्षकाने अवश्य सांगावे.

भारतातही ह्याच नावाच्या संस्था आहेत. पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ साली कम्युनिटी कॉलेज काढले, आणि बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने अशा संस्थांना साहाय्य देण्याची योजना हाती घेतली. महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर शाळा सुटलेल्या प्रौढांसाठी उघड्या दाराचे काम नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून अधिक केले आहे.

प्राथमिक शाळेपुरते पाहता, वर सांगितलेला तीन प्रश्नांचा भेद भारतातील कायद्यातही स्पष्ट आहे. २००९च्या बालकांच्या शिक्षणहक्क अधिनियमानुसार वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही बालकास प्रवेश नाकारता येत नाही. दुसऱ्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश लांबविता येत नाही. आणि कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलास त्याच्या वयास योग्य अशा वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यावयाचे असते. आधारपत्र नाही म्हणून शाळेचा प्रवेश अडवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या निकालात सांगितले. तरीही ऊसतोड कामगारांचे, वीटभट्टीवरचे किंवा पालावरचे मूल शाळेच्या दारात येते तेव्हा शिष्यवृत्तीसाठी लागणारा जातीचा दाखला, बँकेचे पासबुक आणि आधारपत्र हे सर्व कागद एकाच दमात मागितले जातात. ते कागद दुसऱ्या प्रश्नाचे आहेत. मुलाचे नाव पटावर घेऊन त्यास वर्गात बसवावे, आणि ते कागद नंतर पालकांस सांगून सवडीने मिळवावेत; कारण 'उद्या कागद घेऊन या' असे सांगितलेले पालक पुष्कळदा दुसऱ्या दिवशी पुढच्या गावास गेलेले असतात.

जे मूल पटावर येते त्याच्या नोंदीविषयी एक बाब राहिली. जनरल रजिस्टरात पहिलीच्या वर्षी लिहिलेले नाव व जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जाते, तेथून माध्यमिक शाळेच्या दप्तरी आणि शालान्त परीक्षेच्या प्रमाणपत्रावर. मूल शाळा सोडून गेल्यावर त्यात बदल करणे मुख्याध्यापकाच्या एकट्याच्या अधिकारात राहत नाही. महाराष्ट्रातील प्रमाणपत्रावर आडनाव प्रथम, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. पासपोर्टात आडनाव व नाव ह्यांचे वेगळे रकाने असतात. पासपोर्टातील आडनावाचा रकाना रिकामा राहिल्यास अमेरिकन व्हिसावर तिकडील अधिकारी सगळे नाव आडनावाच्या जागी घालतात आणि नावाच्या जागी 'पहिले नाव अज्ञात' अशा अर्थाची तीन रोमन अक्षरे छापतात. त्या विद्यार्थ्याच्या कॉलेजातील हजेरीवरही कित्येकदा तेच पुकारले जाते. म्हणून पहिलीत नाव घालताना पालक केवळ मुलाचे आणि बापाचे नाव सांगून थांबले, तर आडनाव विचारून घ्यावे, जन्माचा दाखला असल्यास त्याच्याशी अक्षरे ताडावीत, जन्मतारीख अंकी व अक्षरी दोन्ही लिहावी आणि रोमन लिपीतील अक्षरे पालकांना एकदा वाचून दाखवून मगच सही करावी.